मराठवाड्यात जिरेनियम नेमकं कधी लावायचं?

मृगाचा पाऊस पडला की आपल्याकडे हात आपोआप कुंड्यांकडे जातात. मोगरा लावा, जास्वंद लावा, कढीपत्ता लावा, जूनमध्ये सगळं लागतं. त्याच सवयीनं मी लातूरला माझं पहिलं जिरेनियम जूनच्या शेवटी लावलं. पंधरा-वीस दिवसांत खोड बुडाशी काळं पडलं आणि हात लावताच रोप आडवं झालं. दुसऱ्या वेळी जानेवारीत फुलांच्या प्रदर्शनातून चार फुललेली रोपं आणली. होळीपर्यंत ओसरी लालभडक दिसत होती आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चारही गेली. रोपं धडधाकट होती, खतपाणी वेळेवर होतं. माझी वेळ चुकली होती, एकदा पावसाच्या तोंडावर आणि एकदा उन्हाळ्याच्या.

आपल्याकडे जिरेनियमला वर्षातून एकच चांगली संधी मिळते: पाऊस पाठमोरा झाल्यापासून थंडी स्थिरावेपर्यंत. ही महिनाभराची खिडकी कशी ओळखायची आणि तिच्या आधी-नंतर काय करायचं, ते इथे सांगते.

आधी झाड कोणतं ते ओळखा

जिरेनियम या एका नावाखाली वेगवेगळी झाडं विकली जातात आणि वेळेचा अर्धा घोळ तिथेच होतो. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये ही सगळी मंडळी एकाच वंशात (जीनसमध्ये) बसवली होती. पुढे १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए यांनी त्यातली दक्षिण आफ्रिकेकडची झाडं वेगळी काढून त्यांना पेलार्गोनियम नाव दिलं. बाजारात मात्र जुनं नावच चिकटून राहिलं. आपल्या नर्सरीत लाल, गुलाबी, पांढऱ्या गुच्छांचं, पानावर घोड्याच्या नालेसारखा गडद पट्टा असलेलं जे जिरेनियम मिळतं, ते खरं तर पेलार्गोनियम. चकचकीत पानांचं, टांगत्या कुंडीतून खाली झेपावणारं तेही पेलार्गोनियमच. पान चुरगळल्यावर गुलाबासारखा वास येतो आणि ज्याचं तेल काढतात, तेही त्यातलंच.

खरं जिरेनियम, ज्याला परदेशात 'हार्डी' म्हणतात, ते वेगळं. फूल जवळून बघा. पाचही पाकळ्या सारख्या आणि गोलाकार मांडलेल्या असतील तर ते खरं जिरेनियम. वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींपेक्षा वेगळ्या दिसत असतील तर पेलार्गोनियम. काही संकरित जातींत हा फरक पुसट असतो, तेव्हा खोड बघायचं. जाडसर, रसदार, जुनं झाल्यावर लाकडी होणारं खोड पेलार्गोनियमचं.

'हार्डी' हा शब्द वाचून पुष्कळ जण बी किंवा कंद ऑनलाइन मागवतात, म्हणून थोडं थांबून सांगते. हा काटकपणा बर्फापुरता आहे, आपल्या उन्हापुरता नाही. ही झाडं थंडीत वरून सुकतात, जमिनीखाली मूळ झोपी जातं आणि वसंतात पुन्हा फुटतं. म्हणूनच इंग्लंडमध्ये ती एक तर मार्च ते मे लावतात, नाही तर सप्टेंबर-ऑक्टोबरात, माती अजून कोमट आणि ओली असताना. तिथली लाडकी जात 'रोझॅन'. २०१३ मध्ये लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात तिला शतकातलं झाड हा मान मिळाला. तिचं दोन्ही बाजूंचं माहेर हिमालयातलं आहे. पैकी एका बाजूच्या मूळ जातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनियल वॉलिच यांचं नाव आहे. म्हणजे झाड भारताला परकं नाही, पण ते उंचावरच्या गारव्यातलं. मराठवाड्यात त्याला झोप लागेल एवढी थंडी मिळत नाही आणि मे महिन्यात कुंडीची माती तापते तेव्हा मूळ शिजतं. कुणाला हौस असेलच तर ऑक्टोबरअखेर पूर्वेच्या बाजूला कुंडीत लावा आणि झेंडू-शेवंतीसारखं हंगामी झाड समजून मार्चपर्यंत सांभाळा. कायमचं झाड म्हणून त्यावर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

यापुढे जिरेनियम म्हणेन ते आपल्या नर्सरीतलं.

त्याला काय सोसतं, काय सोसत नाही

दिवसा १८ ते २५ अंश आणि रात्री १० ते १६ अंश असलं की हे झाड खुलतं. आपल्याकडे अशी हवा साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असते. दुपारचं ऊन तेव्हाही २८-३० अंशांवर जातं, पण रात्र गार असल्यानं ते चालून जातं. दिवसाचं ऊन जिरेनियम सहन करतं, तापलेली रात्र त्याला सोसत नाही. रात्री गारवा नसला की फुलं थांबतात, पानं बारीक होतात आणि झाड नुसतं तग धरून राहतं.

पावसाळ्यात अडचण वेगळी. मुळाशी सतत ओल आणि वर दमट हवा असली की बुरशी खोडात शिरते. बुडापासून वर चढत जाणारा काळा डाग हे तिचं लक्षण. तो दिसल्यावर औषध मारून झाड वाचलेलं मी पाहिलेलं नाही. शेंडा निरोगी असेल तर तेवढा कापून नवं कलम करायचं आणि ती माती दुसऱ्या जिरेनियमला वापरायची नाही.

म्हणून वेळेचं गणित असं मांडायचं: मूळ रुजवायला गार हवा हवी आणि उन्हाळा लागायच्या आत झाड चांगलं चार महिन्यांचं झालेलं हवं. मार्चअखेरपासून चार महिने मागे या, नोव्हेंबरअखेर येते. तिच्याही आधी लावलं तर उत्तम, पण पावसाच्या तावडीतून सुटल्यावर.

तारीख कशी ठरवायची

सणावर तारीख बांधू नका. 'दिवाळीत लावा' असं सांगतात, पण अधिक महिन्यामुळे दिवाळी सरकते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. अठरा दिवसांचा फरक या खिडकीत फार मोठा आहे. त्यापेक्षा आपली पावसाची नक्षत्रं बरी, कारण ती सूर्यावर चालतात आणि जवळपास त्याच तारखांना येतात. हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास लागतो, चित्रा १० ऑक्टोबरला, स्वाती २४ ऑक्टोबरला. हत्ती, म्हणजे हस्ताचा पाऊस, भिंती पाडतो असं जुनी माणसं म्हणतात, त्यामुळे हस्तात हात लावायचा नाही. चित्रा निम्मी सरली की तयारी करायची आणि स्वाती संपायच्या आत लागवड उरकायची. उशीर झालाच तर १५ नोव्हेंबरपर्यंत चालतं. त्यानंतर लावलेलं झाड फुलतं, पण उन्हाळ्याला पुरत नाही.

हा अंदाज झाला. नेमका दिवस दोन गोष्टींवर ठरवा.

पहिली गोष्ट रात्र. सलग चार-पाच रात्री किमान तापमान २० अंशांच्या खाली उतरलं पाहिजे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस माघारी जातो, पण त्याच्यामागून ऑक्टोबरचा चटका येतो. दुपारी अंगाची लाही होते, त्या दिवसांत नवी रोपं कोमेजतात. एक साधा तापमापक ओसरीत सावलीला टांगा आणि पहाटे बघा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. त्यात पुढच्या दिवसांचा पाऊस आणि किमान तापमान दोन्ही मिळतं. पिकासाठी म्हणून तो निघत असला तरी कुंडीलाही लागू पडतो.

दुसरी गोष्ट वाफसा, म्हणजे जादा पाणी ओसरून माती हात घालण्याजोगी होणं. जमिनीत किंवा वाफ्यात लावणार असाल तर चार बोटं खालची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून विखुरला तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच पडला तर अजून थांबा. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, सीना, गोदावरी सगळ्यांनी काठ सोडले होते. अशा वर्षी भारी जमिनीला वाफसा यायला कितीतरी दिवस जादा लागतात. कॅलेंडर काहीही म्हणो, थांबावं लागतं.

गावागावात थोडा फरक पडतो. लातूर, धाराशिव बालाघाटच्या पठारावर सहाशे मीटरच्या आसपास आहेत, नांदेड गोदाकाठी साडेतीनशेच्या घरात. पठारावर रात्री लवकर गार पडतात, म्हणून आम्ही थोडं आधी लावू शकतो. नांदेड, परभणीकडच्या मंडळींनी स्वातीचीच वाट बघावी. गच्चीवरच्या कुंड्यांना तर सगळीकडेच आठ-दहा दिवस उशिरा लावा, कारण स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो.

कलमं करायची असतील तर महिनाभर आधी

छाट कलमाला मूळ धरायला तीन ते चार आठवडे लागतात आणि तिथून फूल यायला आणखी आठ-दहा आठवडे. संक्रांतीला ओसरीत फुलं हवी असतील तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कलम करा, मात्र पत्र्याखाली, पावसाचा थेंब लागणार नाही अशा जागी. बियांपासून करायचं तर चार महिने धरा, म्हणजे सप्टेंबर उजाडताच.

फूल नसलेली, निरोगी फांदी घ्या. शेंड्याकडून बोटभर लांब तुकडा पेराच्या लगेच खाली धारदार पात्यानं कापा. खालची पानं काढा, वरची दोन-तीन ठेवा. मग महत्त्वाचं: तुकडे लगेच मातीत खोचू नका. सावलीत चार-पाच तास पडू द्या. कापलेली जागा सुकते आणि बुरशीला आत शिरायला वाट राहत नाही. धुतलेल्या जाड वाळूत खोचा, एकदा पाणी द्या, नंतर वाळू जवळपास कोरडी झाल्यावरच पुन्हा. प्लॅस्टिकची पिशवी वर झाकायची सवय गुलाबाला बरी, जिरेनियमचं कलम तिच्यात कुजतं.

माती आणि पाणी

आपली काळी माती कपाशीला सोन्यासारखी, जिरेनियमला नको. ती ओलीत फुगते, सुकली की भेगाळते, त्यात कोवळी मुळं तुटतात. शिवाय चुनखडीमुळे ती अल्कधर्मी असते आणि जिरेनियमला किंचित आम्ल माती आवडते. दोन पाट्या पोयटा, एक पाटी जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक पाटी जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम, मूठभर निंबोळी पेंड, एवढं मिश्रण पुरतं. ताजं शेण चालणार नाही. कुंडी मातीचीच घ्या, आठ ते दहा इंची, बुडाला छिद्र मोकळं असलेली. मोठी कुंडी घेऊन फायदा नाही. मुळं जरा दाटीत असली की हे झाड जास्त फुलतं.

बोअरच्या पाण्याबद्दल सांगायलाच हवं. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी जड आहे. कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो आणि काही आठवड्यांत कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडू लागतात. खत कमी पडलं म्हणून लोक आणखी खत घालतात, आणि क्षार वाढतात. खरं कारण असं की अल्कधर्मी मातीत लोह असूनही मुळाला मिळत नाही. सप्टेंबरातला पाऊस पत्र्यावरून एका झाकणाच्या पिंपात धरून ठेवा. चार-सहा कुंड्यांना तो नोव्हेंबर सहज काढून देतो, आणि मूळ धरायच्या काळात गोडं पाणी मिळालं की पुढचं झाडच वेगळं होतं.

लावायच्या दिवशी

संध्याकाळी लावा, ऊन उतरल्यावर. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच कुंडीत ठेवायचं, खोड मातीत पुरायचं नाही. कडेनं माती हलक्या हातानं दाबा आणि बुडातून पाणी येईपर्यंत एकदाच पाणी द्या. पाच-सहा दिवस फक्त सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू चार-पाच तासांचं. वरची बोटाच्या पेरभर माती कोरडी झाल्याशिवाय दुसरं पाणी नाही. सगळ्यात जास्त जिरेनियम आपल्याकडे प्रेमानं घातलेल्या रोजच्या पाण्यानं मरतात.

रोपाला पाच-सहा पानं झाली की शेंडा खुडा. पहिलं फूल पंधरा-वीस दिवस लांबतं आणि बदल्यात एका फांदीच्या तीन होतात. आलेली पहिली कळीही मी खुडते. त्या वेळी जीवावर येतं, पण नोव्हेंबरात झाडानं मूळच करावं. तीन आठवड्यांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी. कळ्या दिसू लागल्यावर १३:०:४५ त्याच मापात. वाळलेला गुच्छ देठासकट बुडातून मोडत राहा.

येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येच्या, आसपास पहाटे पारा दहाच्या खाली येतो. घाबरू नका, गोठणबिंदूच्या वर आहे तोवर झाडाला काही होत नाही. फक्त पाणी कमी करा आणि सकाळी ऊन वर आल्यावर द्या. पानांच्या कडा लालसर झाल्या तर तो थंडीचा रंग आहे, रोग नाही.

जानेवारीत फुललेलं रोप दिसलं तर

नेमकं तेव्हाच ते सुंदर दिसतं आणि तेव्हाच विकायला येतं. घ्या, पण दोन-तीन महिन्यांची शोभा म्हणून. ठेवायचंच असेल तर घरी आणताच कुंडी बदलू नका. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याची चार कलमं करून ठेवा. मोठं झाड गेलं तरी लहान कलमं सावलीत कमी पाण्यावर उन्हाळा काढतात.

होळीपासून मृगापर्यंत

छाटणी फेब्रुवारीच्या शेवटी करा, एक तृतीयांश. एप्रिलमध्ये कापलेलं झाड पुन्हा फुटत नाही. होळी झाली की कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी किंवा कडुलिंबाच्या सावलीत हलवा. लिंबाखालची सावली हिरव्या जाळीपेक्षा गार असते, पण झाड नसेल तर ५० टक्क्यांची जाळी लावा. खत बंद. फुलांची अपेक्षा बंद. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा आणि बाहेरून ओलं पोतं गुंडाळा, म्हणजे माती तापत नाही.

पाणी कमी पडेल ही भीती मात्र बाळगू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. झाडाला घालायला पाणी ही तेव्हा बोलायची गोष्टच नव्हती. मी डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी साठवून तीन दिवसांतून एकदा कुंडीला एक तांब्या देत होते. ऑक्टोबरात लावलेल्या सहापैकी चार झाडं त्या उन्हाळ्यातून वाचली. जाड खोडात ती पाणी राखून ठेवतात. साबणाचं पाणी मात्र घालू नका.

मृग लागायच्या आधी कुंड्या पत्र्याखाली गेल्याच पाहिजेत. पहिल्या सरीत भिजू द्यायचा मोह फार होतो. उन्हाळ्यानं दमलेल्या मुळांना एकदम मिळालेली ती ओल सोसत नाही.

शेतात तेलासाठी लावायचं असेल तर

गुलाबी वासाच्या जिरेनियमची लागवड आपल्याकडे बरेच जण करू बघतात. वेळेचा नियम तोच, आणि तो आपल्या पीकपद्धतीत नेमका बसतो: सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं, वाफसा आला की बेड पाडायचे. मध्यम किंवा मुरमाड, उताराची जमीन निवडा. चिबड (पाणी साचणाऱ्या) किंवा चोपण (क्षारांनी घट्ट झालेल्या) रानात हे पीक लावू नका. पुढच्या पावसाळ्यात मर लागते आणि गुंठेच्या गुंठे बसतात. चार फुटांवर बेड आणि दोन रोपांत एक फूट धरलं तर एकरी सुमारे १०,९०० रोपं लागतात, ठिबकवर.

लागवड नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत झाली तर चार महिन्यांनी, मार्चमध्ये, पहिली कापणी हातात येते. उन्हाच्या झळा लागायच्या आत पाला डिस्टिलेशनला (वाफेवर तेल काढायला) गेलेला बरा, कारण कापून पडलेला पाला तापला की वास उडतो. ताज्या पाल्यात तेल ०.१ टक्क्याच्या आसपास असतं, म्हणजे टनाला साधारण एक किलो. त्यामुळे डिस्टिलेशनची टाकी किती लांब आहे आणि तेल कोण, कोणत्या भावानं घेणार, हे रोपं घेण्याआधी स्वतः जाऊन बघा. केवळ रोपं विकणाऱ्याच्या शब्दावर एकरभर लावू नका. पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठे पुष्कळ झाले.

रोपांची वेळ इथे बहुतेकांची चुकते. कलमापासून लावणीयोग्य रोप व्हायला ४५ ते ६० दिवस लागतात. ऑक्टोबरअखेर लावायचं तर ऑगस्टच्या शेवटीच मागणी नोंदवायला हवी, आणि ती कलमं भर पावसाळ्यात तयार होणार. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेनं पावसाळ्यात मातृवृक्ष जगवण्यासाठी प्लॅस्टिकच्या घुमटाकार, कमी खर्चाच्या आच्छादनाची पद्धत बसवली आहे. रोपवाटिकेत जाल तेव्हा मातृझाडं कशाखाली ठेवली आहेत ते आधी बघा, मग दोन-चार रोपं पिशवीतून काढून मुळं बघा. पांढरी आणि घट्ट असतील तर घ्या. तपकिरी, ओढल्यावर साल सुटणारी असतील तर वेळ निघून चालली तरी घेऊ नका.